शेतातल्या पाइपलाइनची मजुरी कशी काढावी

पाइपाचा भाव दुकानदार सांगतो. मजुरीचा अंदाज मात्र जमिनीवर ठरतो. निम्म्याहून जास्त पैसा चारी खोदण्यात जातो, म्हणून आधी रान बघा, मग पाइप मोजा.

विहिरीपासून शेवटच्या कॉकपर्यंत टेप धरून मोजा. मोबाइलवरचं अंतर चढउतार धरत नाही. मग दर दोनशे फुटांवर पहारीने तीन फूट खड्डा घेऊन काळी माती, मुरूम, खडक अशी नोंद करा. हे काम दोन गडी एका दिवसात करतात. ते वाचवलं, की गुत्तेदार पुढे ‘खडक लागला’ म्हणून मागेल ते द्यावं लागतं.

आता २,००० फूट, तीन इंची पीव्हीसी लाइनीचा हिशोब बघू. दर उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे घाला. काळी माती १,३०० फूट आहे. तीन फूट खोल चारीला जेसीबी तासाला १३० फूट जाईल असं धरलं तर १० तास. मुरूम ५०० फूट, तासाला साठ-पासष्ट, म्हणजे ८ तास. तासाला १,२०० रुपयांनी २१,६०० झाले. २०० फूट खडक ब्रेकरने फोडायला फुटाला ६० प्रमाणे १२,००० रुपये. हा आकडा गुत्त्यात वेगळाच लिहून घ्या. पहिल्या तासाला चारी किती झाली ते मोजा, अंदाज तिथेच दुरुस्त होतो.

पाइप वीस फुटी, म्हणजे शंभर नग. एक मिस्त्री (९०० रुपये) आणि दोन गडी (५०० रुपये प्रत्येकी) दिवसाला पस्तीसेक पाइप जोडतात: तीन दिवस, ५,७०० रुपये. विहिरीवरचा जोड, एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह), कॉक, एल्बो यांना आणखी दोन दिवस धरा, ३,८०० रुपये. हे दोन दिवस लोक हमखास विसरतात. पाइपावर आधी अर्धा फूट मऊ माती हाताने टाकायला गड्यांचे दहा रोज (दिवसाची मजुरी), ५,०००. वरची माती लोटायला जेसीबी तीन तास, ३,६००. चाचणीला अर्धा दिवस, ९५०. एकूण ५२,६५०. दहा टक्के जादा धरून ५८,००० हाताशी ठेवा.

घाई सगळ्यात महाग पडते ती इथे: सोल्युशन (पाइप चिकटवायचा गोंद) लावून चोवीस तास झाल्याशिवाय दाबाने पाणी सोडू नका, आणि जोड मातीने न झाकताच चाचणी घ्या. बुजवल्यावर गळती शोधायची म्हणजे चारी दुसऱ्यांदा खोदायची. उन्हाळ्यात दुपारी जोडलेला पाइप रात्री आखडतो. वीस अंशांच्या फरकाने प्रत्येक नगामागे सुमारे आठ मिलिमीटर. शंभर नगांचे पाऊण मीटरहून जास्त झाले, म्हणजे जोड निसटतो. चारीत पाइप किंचित नागमोडी ठेवा, माती सकाळी लोटा. मे महिन्यात मिस्त्रीचा दिवस सकाळी सहा ते अकराच धरा, म्हणजे पस्तीस पाइपांचा हिशोब तेव्हा चालणार नाही.

दसऱ्यानंतर बीड, धाराशिवकडचे गडी ऊसतोडीला जातात, मग रोज वाढतो आणि माणूसही मिळत नाही. पावसाळ्यात काळ्या रानात जेसीबी रुतते, वाफसा येईपर्यंत ती उभीच. येण्या-जाण्याचे आणि थांबण्याचे पैसे कोण देणार, हे आधीच ठरवून घ्या.