दोघांनी गायचं ठरलं की

वहीच्या पहिल्या ओळीत लिहा: समोरच्याचा भाग पाठ. आपला नंतर. ऐकायला उलटं वाटेल, पण आपण चुकलो तर निदान लगेच कळतं; समोरच्याचा भागच माहीत नसेल तर नक्की चुकलं कोण, यातच दोन ओळी निघून जातात. मला हे रंगमंचावर कळलं. अंतरा संपला आणि ध्रुवपद दोघांनी मिळून उचलायचं होतं. मला वाटलं, पहिला शब्द माझी जोडीदार घेईल. तिला वाटलं, मी घेईन. तबलजींनी सम दिली आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. एक अख्खं आवर्तन रिकामं गेलं. काही श्रोत्यांना ती मुद्दाम सोडलेली जागा वाटली, हे आमचं नशीब. तेव्हापासून एक तरी तालीम भाग बदलून करतो: माझ्या ओळी ती गाते, तिच्या मी. तिची ओळ माझ्या तोंडी अडखळली, की मी ती आजवर नीट ऐकलेलीच नव्हती हे समजतं.

मग पट्टी, म्हणजे षड्ज (सा) कुठल्या सुराला धरायचा ते, आणि इथे घाई अजिबात नको. पुरुषाचा आवाज साधारण पेटीच्या काळी एक-दोनमध्ये खुलतो, बाईचा काळी चार-पाचमध्ये. सिनेमाच्या द्वंद्वगीतात पट्टी एकच असते, म्हणजे कुणीतरी एक जण मुरड घालतो. ती कुणी घालायची हे मोकळेपणाने ठरवा. मोठ्या गायकाचा मान राखायचा म्हणून दुसऱ्याने खर्जात कुजबुजत बसू नये. पट्टी नुसत्या ध्रुवपदावर तपासू नका. अंतऱ्यातली सगळ्यात उंच जागा आणि ध्रुवपदातला सगळ्यात खालचा सूर, एवढंच दोघांनी गाऊन बघा, तेही तासभर गाऊन घसा थकल्यावर. ताज्या गळ्याला सगळ्याच पट्ट्या सोप्या वाटतात.

शास्त्रीय जुगलबंदीत यावर दुसरी सुंदर वाट आहे. पंडित जसराजांनी मांडलेल्या जसरंगीत दोघेही आपापल्या पट्टीत गातात आणि रागही वेगळे घेतात. कागदावर मांडून बघा. ती काळी चारमध्ये अभोगी गाते, तो काळी एकमध्ये कलावती. तिचा मध्यम तोच त्याचा षड्ज. तिचा धैवत त्याचा गंधार होतो, तिचा षड्ज त्याचा पंचम, तिचा रिषभ त्याचा धैवत आणि तिचा कोमल गंधार त्याचा कोमल निषाद. पाचही सूर तेच, राग दोन. अभोगीत पंचम नाही म्हणून तिचा तानपुरा मध्यमावर लावायचा, त्याचा पंचमावर. लावून झाले की दोन्ही तानपुऱ्यांतून तेच दोन सूर ऐकू येतात, फक्त त्यांची नावं बदललेली. हे करणार असाल तर तालमीत एक गोष्ट घोटून घ्या: समोरच्याची लांब तान चालू असताना आपला षड्ज मनात धरून ठेवणं. तो सुटला की आपण नकळत दुसऱ्याच्या रागात जाऊन बसतो.

वाद्यांची जोडी असेल तर एकमेकांच्या वाद्याच्या मर्यादा लिहून काढा. सतारीवर पडद्यावरची तार ओढून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं) निघते, सरोदला पडदेच नाहीत, संतूरवर सूर एकेक टिपका होऊन येतो, आणि बासरीवाल्याला श्वास घ्यायचा असतो. सवाल-जवाबात संतूरला लांबलचक मींड विचारू नका. तो सवाल नव्हे, अडवणूक झाली. उलट हाच फरक कामाला येतो. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीत संतूरच्या टिपक्यांखाली बासरीचा लांब सूर पसरलेला असायचा आणि दोघं एकमेकांची जागा अडवत नसत. सवाल किती आवर्तनांचे, ते कधी निम्मे करायचे, शेवटची तिहाई (तीनदा घेऊन समेवर संपवायचा तुकडा) कुठल्या मात्रेपासून, हे तबलजींना समोर बसवून ठरवा. तबलजींना आयत्या वेळी कळवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि ती फार वाईट आहे.

दोन सूर एकाच वेळी लावायचे असतील, ऑपेरातल्या दोन आवाजांसारखे किंवा पाश्चात्त्य लोकगीतांतल्या भावाभावांच्या जोड्यांसारखे, तर षड्ज-गंधाराचं अंतर बारकाईने जुळवा. पियानोचा किंवा पेटीचा गंधार तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा. सोबतीला वाद्य असेल तर वाद्याचा गंधार घ्या, नुसते आवाज असतील तर कानाला स्थिर वाटेल तो. पण दोघांनी एकच. एकाने पेटीचा आणि दुसऱ्याने तानपुऱ्याचा घेतला तर दोघेही बरोबर असून गाणं बेसूर होतं, आणि मग भांडण मिटत नाही.

आवाज एकसारखे करण्याचा अट्टहास मात्र सगळीकडे नको. एला फिट्झगेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग या जॅझ गायकांनी 1956 साली एकत्र ध्वनिमुद्रण केलं, त्यात एक आवाज रेशमी आणि दुसरा खडीवरून चालल्यासारखा. जॅझमध्ये तो खरखरीतपणाच हवा असतो. तिथे तालमीत घोटायचं ते चार-चार मापांची (माप म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन, बार) देवाणघेवाण: तुम्ही चार मापं, मी चार मापं, आणि समोरच्याच्या शेवटच्या तुकड्यातलं काहीतरी उचलूनच आपलं सुरू करायचं. घरून पाठ करून आणलेलं उत्तर इथे लगेच उघडं पडतं.

आता पेन्सिल घ्या आणि शब्दांवर श्वासाच्या खुणा करा. लांब सुरावर दोघांनी एकाच जागी श्वास घेतला तर गाण्याला भोक पडतं, म्हणून एकाची खूण स्वल्पविरामाआधी, दुसऱ्याची नंतर. ओळ ‘स’ किंवा ‘त’वर संपत असेल तर ते शेवटचं व्यंजन एकानेच उच्चारावं; दुसऱ्याने स्वरावरच थांबावं. नाहीतर माइकमधून ‘स-स’ असं जोडअक्षर बाहेर पडतं. ‘आ’ किती उघडा, हेही आरशासमोर एकदा जुळवून घ्या.

एका पियानोवर चार हात असतील तर यादी छोटी आहे: वरची बाजू कुणाची, खालची कुणाची, पानं कोण उलटणार आणि मधल्या पट्ट्यांवर कुणाचा हात वर राहणार. पेडल बहुतेक वेळा खालच्या बाजूला बसणाऱ्याकडे असतं. वरच्या बाजूच्याने पायाला आधीच समजावून ठेवावं, सवयीने तो पुढे सरकतोच.

माइकचं आधी विचारून घ्या. दोघांत एकच असेल आणि तो दोन्ही बाजूंनी ऐकणारा असेल तर समोरासमोर उभं राहता येतं; नेहमीच्या, फक्त समोरून ऐकणाऱ्या माइकवर ते जमत नाही, तिथे खांद्याला खांदा लावूनच उभं राहावं लागतं. ज्याचा आवाज मोठा त्याने अर्धं पाऊल मागे. दोघांमध्ये दहा मीटर अंतर ठेवू नका. तेवढं अंतर कापायला आवाजाला सुमारे 30 मिलिसेकंद लागतात आणि जलद लयीत ते जाणवतं. इंटरनेटवरून एकत्र गाणं याच कारणासाठी घसरतं. तसं करण्यापेक्षा वेगवेगळं ध्वनिमुद्रण बरं. पूर्वी सिनेमाची द्वंद्वगीतं एका दमात, एकाच खोलीत होत. आता दोघं वेगळ्या दिवशी येऊन गाऊन जातात. तुमच्या वाट्याला असं आलं तर समोरच्याचा कच्चा का होईना, आवाज मागून घ्या. रिकाम्या ट्रॅकवर प्रेमाने विचारलेला प्रश्न भिंतीला विचारल्यासारखाच ऐकू येतो.

कॅनडाच्या उत्तरेकडच्या इन्युइट बायकांच्या कंठगायनात दोघी समोरासमोर उभ्या राहतात आणि जी आधी हसेल किंवा जिचा श्वास संपेल ती हरते. तालमीत गंमत म्हणून दोन मिनिटं करून बघा. समोरच्याचा श्वास इतक्या जवळून दुसऱ्या कुठल्याच रियाजात कळत नाही.

कार्यक्रमाच्या दिवसासाठी तीनच गोष्टी उरतात. शब्दांच्या दोन प्रती, मोठ्या अक्षरांत. एकाला ठसका लागला तर दुसऱ्याने ती ओळ आपल्या सप्तकात घ्यायची, हे आधीच बोलून ठेवलेलं. आणि शेवटी नमस्कार कुणाच्या खुणेवर करायचा तेही. एक जण कमरेत वाकलेला आणि दुसरा बाटली तोंडाला लावून उभा, असा आमचा एक फोटो आहे. त्यात बाटली माझ्या हातात आहे.