कच्च्या तेलाच्या मंदीत ऊर्जा कंपन्यांचे शेअर कसे घ्यावेत

जून २०१४ मध्ये ब्रेंट जातीच्या कच्च्या तेलाचा भाव पिंपाला ११५ डॉलरच्या आसपास होता. त्या नोव्हेंबरात ओपेकने (तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेने) उत्पादन कमी न करण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०१५ मध्ये भाव ५० डॉलरच्या खाली उतरला. याहून स्वस्त आता काय होणार, असे मानून अनेकांनी तेव्हा तेल उत्पादक कंपन्यांचे शेअर घेतले; पण वर्षभराने, जानेवारी २०१६ मध्ये, ब्रेंट ३० डॉलरच्याही खाली होते. त्याच काळात पेट्रोल-डिझेल विकणाऱ्या सरकारी कंपन्यांचे शेअर मात्र वर चढत होते. मंदीत ऊर्जा क्षेत्रात पैसे गुंतवू इच्छिणाऱ्याने आधी हा विरोधाभास नीट समजून घ्यावा, कारण भाव किती पडला यापेक्षा आपण घेत असलेली कंपनी तेलाच्या साखळीत कोठे उभी आहे, हा प्रश्न कितीतरी महत्त्वाचा आहे.

पायरी १ : मंदीचे कारण ओळखा

२०१४-१६ ची घसरण पुरवठ्यातून आली होती. अमेरिकेतील शेल तेलाचे (खडक फोडून काढलेल्या तेलाचे) उत्पादन वाढले होते आणि सौदी अरेबिया बाजारातील वाटा सोडायला तयार नव्हता. मागणी मात्र टिकून होती. अशा मंदीत तेल विकत घेऊन ते शुद्ध करणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांचा फायदा होतो. २०२० ची घसरण मागणी कोसळल्याने आली. टाळेबंदीमुळे एप्रिल २०२० मध्ये भारतातील इंधनाचा खप आदल्या वर्षीच्या एप्रिलच्या तुलनेत जवळपास ४६ टक्क्यांनी घटला आणि तेल स्वस्त असूनही तेलशुद्धीकरण कारखान्यांना उत्पादन कमी करावे लागले. मंदी पहिल्या प्रकारची आहे की दुसऱ्या, हे ठरवल्याशिवाय खरेदीचा विचार करू नये.

पायरी २ : कंपन्यांचे गट पाडा

‘ऊर्जा’ या नावाखाली बाजारात फार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र येतात. निफ्टी एनर्जी निर्देशांकात एनटीपीसी आणि पॉवर ग्रिडसारख्या वीज कंपन्याही आहेत. त्यांची कमाई मुख्यतः नियामकाने ठरवून दिलेल्या परताव्यावर अवलंबून असते, त्यामुळे तेलाच्या भावाशी तिचा संबंध दूरचा आहे. रिलायन्सचा जामनगरचा कारखाना प्रचंड असला तरी त्या शेअरच्या किमतीत दूरसंचार आणि किरकोळ विक्रीच्या व्यवसायांचा वाटा मोठा आहे. म्हणून केवळ निर्देशांक फंड घेऊन तेलाच्या मंदीवर गुंतवणूक केली, असे समजणे बरोबर नाही.

उरलेल्यांचे ढोबळ गट असे : जमिनीतून तेल काढणाऱ्या ओएनजीसी आणि ऑइल इंडिया, शुद्धीकरण आणि विक्री करणाऱ्या इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम, वायूची वाहतूक, आयात किंवा शहरी वितरण करणाऱ्या गेल, पेट्रोनेट एलएनजी, महानगर गॅस यांसारख्या कंपन्या, आणि खोदकामाची यंत्रे व सेवा पुरवणाऱ्या कंपन्या. शेवटच्या गटापासून नवख्याने मंदीत दूरच राहावे, कारण तेल कंपन्या सर्वांत आधी खोदकामावरचा खर्च कापतात आणि भाव सावरल्यावरही तो सर्वांत शेवटी वाढवतात.

एक गुंता येथेच सोडवून ठेवावा. जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीने हिंदुस्थान पेट्रोलियममधील सरकारचा ५१.११ टक्के हिस्सा विकत घेतला. त्यामुळे ओएनजीसीच्या एकत्रित निकालांत तेल काढण्याचा आणि तेल विकण्याचा असे दोन्ही धंदे मिसळलेले असतात. मंदीचा परिणाम पाहायचा असेल तर स्वतंत्र निकाल वेगळे काढून वाचावेत.

पायरी ३ : उत्पादक कंपनीचा हिशेब स्वतः मांडा

हे काम वाटते तेवढे अवघड नाही. एक टन कच्चे तेल म्हणजे साधारण ७.३३ पिंपे. ओएनजीसीचे देशांतर्गत उत्पादन ढोबळमानाने वर्षाला २ कोटी टन, म्हणजे सुमारे १४.७ कोटी पिंपे धरले आणि डॉलरचा दर ८५ रुपये मानला, तर भाव पिंपामागे एका डॉलरने उतरल्यास वर्षाच्या उत्पन्नात सुमारे १,२०० कोटी रुपयांची घट दिसते. परंतु ही सगळी घट भागधारकाच्या खिशातून जात नाही. जुन्या क्षेत्रांतील तेलावर केंद्र सरकार किमतीच्या २० टक्के उपकर घेते, त्याखेरीज स्वामित्वधन (रॉयल्टी) आहे आणि उरलेल्या नफ्यावर आयकर आहे. भाव पडला की हे सगळे देणेही त्या प्रमाणात कमी होते.

मार्च २०१६ पूर्वी असे नव्हते. तेव्हा उपकर टनाला ४,५०० रुपये असा ठरावीक होता. त्या वेळच्या विनिमय दराने तो पिंपाला ९ डॉलरच्या आसपास पडे. तेल ११० डॉलर असताना हा बोजा जाणवत नसे. तेच तेल ३० डॉलरवर आल्यावर जवळपास तिसरा हिस्सा उपकरातच जाऊ लागला. कंपनीची खाण तीच, कामगार तेच, तरी एका कर-नियमामुळे मंदीची झळ किती बदलते, हे यावरून कळते. जुलै २०२२ मध्ये लावलेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकलेला अतिरिक्त नफ्यावरील करही असाच लक्षात ठेवावा : तो असताना भाव चढल्याचा मोठा वाटा सरकारकडे जात होता, म्हणून वरच्या पातळीवरून भाव उतरला तरी कंपनीचे नुकसान तुलनेने मर्यादित राहत होते.

वायूचे गणित निराळे आहे. एप्रिल २०२३ पासून ओएनजीसी आणि ऑइल इंडिया या दोन सरकारी कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रांतील वायूचा दर भारतीय तेल-टोपलीच्या (भारत आयात करतो त्या तेलाच्या सरासरी) भावाच्या १० टक्के ठरतो. त्याला दर एमएमबीटीयूमागे (वायू मोजण्याचे उष्णतेचे एकक) ४ डॉलरची किमान आणि ६.५ डॉलरची कमाल मर्यादा घातली गेली, आणि दोन वर्षांनंतर कमाल मर्यादा दरवर्षी पाव डॉलरने वाढण्याची तरतूद झाली. याचा सरळ अर्थ असा, की टोपलीचा भाव साधारण ६५ ते ७० डॉलरच्या खाली जाईपर्यंत वायूच्या उत्पन्नाला धक्का लागत नाही आणि ४० डॉलरच्या खाली गेल्यावर ते आणखी घटत नाही. टोपलीचा भाव पेट्रोलियम मंत्रालयाचा नियोजन व विश्लेषण कक्ष आपल्या संकेतस्थळावर नियमित प्रसिद्ध करतो. ब्रेंटऐवजी तोच पाहावा.

पायरी ४ : विक्री कंपन्यांच्या बाबतीत सरकारचा हात पाहा

माझ्या मते भारतीय गुंतवणूकदाराची सर्वांत मोठी चूक येथे होते. तेल स्वस्त झाले म्हणजे पेट्रोल पंपांच्या कंपन्यांचा नफा वाढलाच, असे तो धरून चालतो. वस्तुतः त्या स्वस्ताईचे तीन दावेदार असतात : ग्राहक, कंपनी आणि सरकारी तिजोरी. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने इंधनावरील उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. मे २०२० मध्ये एकाच फटक्यात ते पेट्रोलवर लिटरला १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढले. एप्रिल २०२५ मध्ये तेल उतरताच पुन्हा दोन्ही इंधनांवर २ रुपयांची वाढ झाली.

याचे वजन मोजता येते. एका पिंपात १५९ लिटर तेल असते, म्हणून ८५ रुपयांच्या डॉलरने पिंपामागे एक डॉलर म्हणजे लिटरला सुमारे ५३ पैसे. पंपावरची किंमत न बदलता शुल्क २ रुपयांनी वाढले, तर जवळपास पावणेचार डॉलरच्या घसरणीचा फायदा कंपनीच्या हातून गेला. शेअर घेण्याआधी गेल्या तीन महिन्यांतील टोपलीचा सरासरी भाव, पंपावरचा दर आणि शुल्क एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून काढावेत. कंपनीकडे काय उरते ते समोर दिसते.

उलट बाजूही विसरू नये. २०२२ मध्ये तेल महाग असताना पंपावरचे दर गोठवले गेले आणि हिंदुस्थान पेट्रोलियमला एप्रिल-जूनच्या एकाच तिमाहीत १०,००० कोटी रुपयांहून अधिक तोटा झाला. पुढे तेल उतरले, दर तसेच राहिले आणि २०२३-२४ मध्ये तिन्ही कंपन्यांनी विक्रमी नफा कमावला. अर्थात या शेअरमधला मंदीचा फायदा बहुतेकदा आधीच्या तेजीच्या जखमा भरून काढणारा असतो.

घसरण वेगाने झाली तर पहिल्या तिमाहीत शुद्धीकरण कंपन्यांचे निकाल खराब येतात, कारण महागात घेतलेला साठा टाक्यांमध्ये आणि वाटेवरच्या जहाजांमध्ये असतानाच त्याचे मोल उतरते. जानेवारी-मार्च २०२० मध्ये इंडियन ऑइलला ५,१८५ कोटी रुपयांचा तोटा झाला, त्यामागे मुख्यतः हेच कारण होते. असा तोटा एकदाचा असतो. निकालातील शुद्धीकरणाचे मार्जिन (कच्चे तेल आणि त्यापासूनची उत्पादने यांच्या किमतींतील फरक) साठ्याचा परिणाम वगळून किती आहे, हे पाहून निर्णय घ्यावा. मथळ्यातील तोट्याला घाबरून विकू नये.

पायरी ५ : वायू कंपन्यांचे करार वाचा

आयात द्रवरूप वायूचे अनेक दीर्घकालीन करार तेलाच्या भावाशी बांधलेले असतात, त्यामुळे तेल उतरले की वायूही काही महिन्यांनी उतरतो. पण गेलने अमेरिकेतून घेतलेला वायू तेथील हेन्री हब या नैसर्गिक वायूच्या प्रमाण दराशी जोडलेला आहे. तेल पडल्यावर स्पर्धकांचा वायू स्वस्त होतो आणि हा तसाच राहतो. दुसरीकडे गुजरातमधील मोरबीच्या सिरॅमिक कारखान्यांना तेल उतरल्यावर प्रोपेन स्वस्त मिळू लागले की ते पाइपचा वायू सोडून त्याकडे वळतात, आणि त्यांना वायू पुरवणाऱ्या गुजरात गॅसचा खप घटतो. औद्योगिक ग्राहकांवर विसंबलेली कंपनी आणि मुंबईतल्या रिक्षा-टॅक्सींना सीएनजी पुरवणारी कंपनी यांत म्हणूनच फरक करावा.

पायरी ६ : ताळेबंद तपासा, मग किंमत

मंदीत कंपनी टिकते ती कमी कर्ज आणि कमी उत्पादन खर्चाच्या जोरावर. अमेरिकेतील चेसापीक एनर्जीने कर्जाच्या ओझ्याखाली जून २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. रॉयल डच शेल या बड्या तेल कंपनीने त्याच वर्षी दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच लाभांश कापला. लाभांशाचा दर मोठा दिसतो तो पुष्कळदा शेअरची किंमत पडल्यामुळे, आणि पुढचा लाभांश तेवढा मिळेलच असे नाही. तसेच किंमत-उत्पन्न गुणोत्तर (शेअरची किंमत त्यामागील वार्षिक नफ्याच्या किती पट आहे ते) या क्षेत्रात फसवे असते : नफा शिगेला असताना ते सर्वांत कमी दिसते आणि तळाशी असताना फार मोठे. दहा वर्षांच्या सरासरी नफ्याशी आणि पुस्तकी मूल्याशी (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणाऱ्या रकमेशी) किंमत ताडून पाहावी.

पायरी ७ : खरेदी टप्प्याटप्प्याने करा

आपल्या एकूण शेअर गुंतवणुकीपैकी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम या क्षेत्रात घालू नये, आणि ती रक्कमही पाच-सहा भागांत विभागून, दर तिमाहीचे निकाल वाचून झाल्यावर एकेक भाग घालावा. २०१४ ची मंदी तळाला पोहोचायला दीड वर्ष लागले, हे डोळ्यांसमोर असू द्यावे. उधारीवर शेअर घेऊ नयेत. कच्च्या तेलाच्या वायद्यात तर सामान्य माणसाने उतरूच नये : एप्रिल २०२० मध्ये अमेरिकी वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला आणि आपल्याकडील एमसीएक्स या वायदे बाजाराने आपला करार उणे २,८८४ रुपये दराने मिटवला. टाळेबंदीमुळे येथील बाजार संध्याकाळी पाचलाच बंद होत असल्याने, रात्री अमेरिकेत भाव कोसळताना येथील वायदेधारकांना बाहेर पडायला वाव नव्हता.

विक्रीचा निकषही खरेदीच्या दिवशीच लिहून ठेवावा. उत्पादक कंपनीचा नफा विक्रमी झाला आणि नवे मोठे प्रकल्प जाहीर होऊ लागले की हिस्सा कमी करायला सुरुवात करावी. विक्री कंपनीच्या बाबतीत तेल पुन्हा चढू लागून पंपावरचे दर गोठलेले दिसले, तर पुढच्या निकालाची वाट पाहू नये. वर्षाच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर लागतो. वर्षानंतर विकल्यास आर्थिक वर्षातील सव्वा लाख रुपयांपर्यंतचा दीर्घकालीन नफा करमुक्त असून त्यावरील रकमेवर साडेबारा टक्के कर आहे, आणि लाभांश आपल्या उत्पन्नात मिळवून करपात्र धरला जातो.