पार्ट टाईम माणूस पाहिजे: पाटी लावायच्या आधीची तयारी

‘पार्ट टाईमसाठी मुलगा किंवा मुलगी पाहिजे, पगार योग्यतेनुसार’ ही पाटी तालुक्याच्या कोणत्याही बाजारपेठेत दिसते आणि उन्हानं अक्षरं उडेपर्यंत तशीच लटकलेली असते. वाचणाऱ्याला दोन गोष्टी पाहिजे असतात, किती वाजता यायचं आणि किती मिळतील, आणि नेमक्या त्याच तिच्यात नसतात. ‘पैशाचं मंग पाहू’ म्हणणाऱ्या दुकानात शहाणं माणूस दुसऱ्यांदा विचारायला येत नाही. खालचं उदाहरण कृषी केंद्राचं आहे. मेडिकल, दूध संकलन केंद्र किंवा झेरॉक्स-ऑनलाइनवाल्यांनी कामाची नावं तेवढी बदलून घ्यावी.

सुरुवात गल्ल्याजवळच्या वहीपासून करा. सलग दोन आठवडे, दोन्ही बाजाराचे दिवस धरून, कोणत्या तासाला किती गिऱ्हाईक थांबून राहिलं एवढंच लिहा. नुसतं किती आलं हे मोजून उपयोग नाही. थांबलेलं गिऱ्हाईक म्हणजे दुसऱ्या हाताची गरज. खताची विक्री आधारवर, पॉस मशीनवर होते. कास्तकाराची बोटं झिजलेली असतात, अंगठा उमटत नाही, त्यात नेट गेलं की एकाच बिलापाशी रांग अडते. वहीत हे दिसलं तर तुम्हाला मशीनवर बसणारं माणूस पाहिजे. चुंगड्या उचलणारा पाहिजे असेल तर ते काम वेगळं: युरियाची चुंगडी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. बिलाच्या माणसाकडून हमाली करून घ्यायची असेल तर तसं पाटीवर लिहा आणि पैसे त्या हिशेबानं धरा. न लिहिता सांगितली तर तो आठव्या दिवशी जातो.

आता तास. वहीतून बहुतेक वेळा सकाळचे दोन आणि संध्याकाळचे दोन असे तुटक चार तास निघतात, आणि मोह तिथंच होतो. बाहेरगावच्या माणसाला अशी तुटकी पाळी म्हणजे चार तासांच्या पैशात पूर्ण दिवस. माणूस त्याच गावातला नसेल तर पाळी सलगच ठेवा. मग एसटीचं वेळापत्रक काढा. दुकान ७ ला बंद होतं आणि त्या बाजूची शेवटची गाडी साडेसहाची असेल, तर कामाची वेळ सव्वासहाला संपली पाहिजे. माणूस दुकान बंद होईपर्यंत थांबणार असेल तर गल्ला मोजणं, मशीन चार्जिंगला लावणं, शटर ओढणं यात पंधरा-वीस मिनिटं जातात. तीही कामाचीच, तासांत धरा. उन्हाळ्याची वेळ वेगळी ठरवा. मे महिन्यात भर दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तेव्हा १२ ते ४ माणूस बसवून पगार देण्यापेक्षा सकाळची पाळी ७ ला सुरू करा. आठवड्याची सुट्टी बाजाराच्या दिवशी देता येत नाही, दुसऱ्या दिवशी द्या.

पैशाचा हिशेब इथं सगळ्यात जास्त चुकतो. ‘पूर्ण दिवसाचा पगार अमुक, मग अर्ध्या दिवसाचा निम्मा’ हे गणित महाराष्ट्रात लागू नाही. दुकानांच्या किमान वेतनाच्या अधिसूचनेत महिन्याच्या दराला २६ नं भागून दिवसाचा दर निघतो, त्याला पूर्ण दिवसाच्या कामाच्या तासांनी भागायचं आणि अर्धवेळ कामगारासाठी वर १५ टक्के धरायचे. समजा, फक्त गणितासाठी, मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून महिन्याचे १३,००० होतात. दिवसाचे ५००, आठ तासांचा दिवस धरून तासाचे ६२.५०, त्यावर १५ टक्के म्हणजे ७१.८८. रोज चार तास, २६ दिवस, म्हणजे १०४ तासांचे साधारण ७,४७६ रुपये. निम्म्याच्या हिशेबानं तुम्ही ६,५०० लिहिले असते, दरमहा जवळपास हजारानं कमी. खरा आकडा तुमच्या परिमंडळाच्या, म्हणजे तुमचं गाव दराच्या ज्या गटात येतं त्याच्या, चालू दरपत्रकातून घ्या. विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, म्हणून मागच्या वर्षीचा कागद चालत नाही.

हा झाला खालचा दर. वर किती जायचं ते गाव ठरवतं. कापसाच्या वेचणीत मजुरी किलोवर असते आणि चालत्या हाताला दुकानापेक्षा जास्त सुटते. सोयाबीनच्या सोंगणीचंही तेच. भंडारा-गोंदियाकडे जुलैत धानाची रोवणी, गडचिरोलीकडे मेमध्ये तेंदूपत्ता. त्या दिवसांत माणूस टिकवायचा तर आधीच ठरवा: तेवढे दिवस बिनपगारी सुट्टी, की दर वाढवून. कॉलेजचं पोरगं घेणार असाल तर हिवाळी-उन्हाळी परीक्षांचे दिवस सोडावेच लागतील. आणि एक गोष्ट चालवून घेऊ नका: वावरात बाईची रोजी कमी, माणसाची जास्त, ही रीत दुकानात आणायची नाही. त्याच कामाला दोन दर कायद्यानं चालत नाहीत. फवारणीची औषधं हाताळायला १८ वर्षांखालचं कुणी घेऊ नका.

मृगाचा पाऊस पडला की चार तासांचे सात होतात. जादा तासाचा दर तेव्हा गल्ल्यावर उभं राहून ठरत नाही, आधी लिहा: नेहमीचाच तासाचा दर, आणि पूर्ण दिवसाच्या मर्यादेपलीकडे गेलं तर दुप्पट. हजेरीच्या वहीत येण्या-जाण्याची वेळ माणसानं स्वतः लिहावी, सही त्याची.

मग पगाराची तारीख. वेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावं लागतं, पण कृषी केंद्राचा पैसा जून ते सप्टेंबर उधारीत असतो आणि सोयाबीन-कापूस विकल्यावर परत येतो. ऑगस्टमध्ये गल्ला रिकामा आणि माणूस पगारासाठी उभा, हे दर वर्षीचं चित्र. पाटी लावायच्या आधी तीन पगार, वरचा आकडा ७,५०० धरून २२,५०० रुपये, वेगळ्या खात्यात टाका. तेवढे निघत नसतील तर तास कमी करा, दर नाही. पुरुष कामगाराचा महिना ७,५०० पर्यंत आणि बाईचा २५,००० पर्यंत असला तर व्यवसाय कर कापावा लागत नाही.

पाटीवरचा मजकूर मग एवढाच राहतो: ‘कृषी केंद्रात बिल आणि पॉस मशीनसाठी मुलगा किंवा मुलगी पाहिजे. दुपारी २:१५ ते ६:१५, मे महिन्यात सकाळी ७ ते ११. महिना ७,५००, दर ७ तारखेच्या आत, खात्यात. पेरणीत जादा तासाचे ७२ रुपये. हमाली नाही. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सुट्टी. बारावी पास, मराठी टायपिंग येत असल्यास बरं. वय १८ पूर्ण. सकाळी १० ते १२ मध्ये भेटावे.’ खाली तारीख टाका. एसटी स्टँड, ग्रामपंचायतीचा फलक, कॉलेजचं गेट आणि गावाचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, सगळीकडे हाच मजकूर जाऊ द्या, कारण एका ठिकाणी ७,५०० आणि दुसरीकडे ७,००० दिसले की पहिला प्रश्न तोच येतो. माणूस मिळाला त्याच दिवशी पाटी काढा.