रिस्टोरच्या बटणाआधी काय लिहायचं

तुमच्या प्रोग्राममध्ये बॅकअप रिस्टोर करायचं, म्हणजे आधी काढून ठेवलेली कॉपी आत्ताच्या डेटाच्या जागी आणायचं बटण असेल, तर त्याआधी नुसतं "खात्री आहे का? हो / नाही" एवढं टाकून मोकळं होऊ नका राव, ते कोणी वाचतच नाही, बोट सवयीने 'हो'वर जातं. त्याऐवजी नेमकं काय होणार ते सांगा, म्हणजे "हा बॅकअप ३ मार्च सकाळी १०:१५ चा आहे, रिस्टोर केला तर त्यानंतरच्या ४२ नोंदी जातील", आणि तो आकडा प्रोग्रामनेच मोजून दाखवायचा. बटणावर पण 'ओके' नको, "४२ नोंदी पुसून रिस्टोर करा" असं सरळ लिहा, नुसतं एंटर दाबलं तर 'रद्द करा'च लागू व्हावं.

पण खरं सांगू का, वॉर्निंगपेक्षा कामाचं म्हणजे रिस्टोरच्या आधी आत्ताच्या डेटाची कॉपी आपोआप काढून ठेवणं आणि ती कुठे ठेवलीय ते सांगणं. चालू फाइलवर थेट लिहू नका, बॅकअप आधी बाजूला दुसऱ्या फाइलमध्ये उघडा, चेकसम (फाइल बिघडली नाही ना हे ताडायचा आकडा) जुळतोय का बघा, मगच अदलाबदल, नाहीतर मध्येच लाइट गेली की जुनंही गेलं आणि नवंही.

बॅकअप फेल झाला तर ते लॉगमध्ये (प्रोग्राम स्वतःच्या कामाच्या नोंदी लिहितो त्या फाइलमध्ये) पुरू नका, शेवटचा नीट झालेला बॅकअप कधीचा ते स्क्रीनवर कायम दिसू द्या. फोटो, अटॅचमेंट बॅकअपमध्ये येत नसतील तर तेही तिथेच लिहा.