एडिंबरा पायी कसं बघायचं (साताऱ्याहून शिकायला जाणाऱ्यांसाठी)

दरवर्षी जून-जुलैत व्हिसा आला की ज्युनियर पोरांचे मेसेज सुरू होतात, ताई तिथं गेल्यावर पहिल्या वीकेंडला काय बघू. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. आधी स्कॉटलंडच्या या राजधानीचं नाव नीट म्हणायला शिका, नकाशावर एडिनबर्ग वाचतो आपण पण तिथले लोक एडिंब्रा म्हणतात.

पहिलं काम, गाईडवाल्या टूरला पैसे घालू नका. फ्री टूर म्हणून जे असतं त्यात शेवटी टीप द्यावीच लागते, आणि विद्यार्थ्याला दहा पौंड म्हणजे दोन दिवसांचा भाजीपाला आहे. ओल्ड टाउन स्वतः चालून बघता येतं कारण रचना अगदी सोपी आहे, वर किल्ला आणि त्याच्यापासून खाली उतरत जाणारा एकच रस्ता, रॉयल माईल, त्याच्या टोकाला होलीरूडचा राजवाडा. साताऱ्याच्या माणसाला हे समजवायला नको, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला पेठा वसल्या तसंच आहे, फक्त इथं गाव डोंगराच्या शेपटीवरच चढून बसलंय. तो किल्ल्याचा खडक जुन्या ज्वालामुखीचा आहे, हिमनदी आली तेव्हा तो हलला नाही आणि त्याच्या मागं ही उतरती सोंड शिल्लक राहिली.

तर सुरुवात वरून करा. सगळे वेव्हर्ली स्टेशनवरून मधेच घुसतात आणि मग वर-खाली करून पाय मोडून घेतात. किल्ल्याचं तिकीट महाग आहे, पहिल्या दिवशी काढूच नका, आईबाबा आले की त्यांच्याबरोबर जा आणि तेव्हाही ऑनलाइन आधी काढा म्हणजे थोडं स्वस्त पडतं. किल्ल्याच्या दारासमोरचं पटांगण, एस्प्लनेड म्हणतात त्याला, तिथं तिकीट लागत नाही. फक्त ऑगस्टमध्ये तिथं टॅटूचा, म्हणजे लष्करी बँडचा कार्यक्रम असतो, गॅलऱ्या उभारलेल्या असतात, तेव्हा सोडून द्या. दुपारी एकची तोफ ऐकायची असेल तर वार बघून जा, १८६१ पासून रोज उडते पण रविवारी नाही. मी पहिल्यांदा गेले तो रविवारच होता, वाऱ्यात अर्धा तास उभी राहिले आणि छत्री उलटी झाली ती वेगळीच. छत्री नेऊच नका तिकडं, टोपीवालं जर्किन घ्या.

या पटांगणात घाई करू नका हं. तिथं ७८व्या हायलँडर्स पलटणीचा दगडी क्रॉस आहे, १८५७-५८ चं आपलं बंड मोडताना मेलेल्या त्यांच्या शिपायांसाठी उभा केलेला, आणि त्यावर हत्ती कोरलाय. हा हत्ती त्यांना असईच्या लढाईमुळं मिळाला, १८०३ ला जिथं शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांची फौज हरली ते असई, आपल्या जालना जिल्ह्यातलं. मी साताऱ्यातल्या चार भिंतीवर लहानपणापासून जातेय, ते १८५७ चं आपल्या बाजूचं स्मारक, गेंडामाळावर त्या वर्षी कुणाला फाशी दिलं कुणाला तोफेच्या तोंडी दिलं हे आजोबा सांगायचे, आणि इथं त्याच बंडाचं समोरच्या बाजूचं स्मारक बघून मला दोन मिनिटं काही सुचेना. सातारा १८४८ ला खालसा करणारा डलहौसी पण याच एडिंब्राच्या दक्षिणेकडच्या किल्ल्यातल्या घराण्यातला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ सुद्धा स्कॉटिशच, पण तो लांब उत्तरेकडचा.

पुढं खाली चालत या. सरळ चाललात तर अर्ध्या तासात खाली पोचाल, पण मग काहीच बघितलं नाही असं समजा. खरी मजा दोन्ही बाजूंच्या बोळांत आहे, त्यांना क्लोज म्हणतात. गाव अरुंद कण्यावर आणि तटबंदीच्या आत, त्यामुळं पसरायला जागा नव्हती म्हणून घरं उंच चढवली, सात-आठ मजले आणि काही त्याहून जास्त, एकाच जिन्यावर श्रीमंत पण आणि गरीब पण. वरून सांडपाणी फेकताना गार्डीलू असं ओरडायचे म्हणे. एक क्लोज नक्की उतरा, ॲडव्होकेट्स क्लोज, वरून बघितलं की बोळाच्या फटीतून स्कॉट मॉन्युमेंट, म्हणजे लेखक वॉल्टर स्कॉटचं स्मारक, बरोबर मधे दिसतं. फरसबंदी पावसात साबणासारखी होते, घसरत नाही असा बूट घाला.

सेंट जाईल्स चर्चच्या बाहेर जमिनीत दगडांचं बदामाच्या आकाराचं हृदय आहे, जुन्या तुरुंगाची जागा ती, लोक तिथं थुंकतात, त्यामुळं त्यावर बसून फोटो काढू नका (माझ्या रूममेटनं काढला). मधेच बाथरूमला जायचं तर थोडं वळून नॅशनल म्युझियम गाठा, फुकट आहे आणि गच्चीवरून किल्ला झकास दिसतो. इकॉनॉमिक्सवाल्यांनी कॅननगेटच्या चर्चच्या आवारात ॲडम स्मिथची कबर बघावी.

शेवटी होलीरूड, समोर आर्थर्स सीट ही टेकडी, २५१ मीटर. अजिंक्यतारा चढलेल्याला हे काही नाही, पण डिसेंबरमध्ये पावणेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा सकाळी निघा नाहीतर ती टेकडी दुसऱ्या दिवशी ठेवा. डबा बरोबर घ्या, चपातीभाजीचा रोल बेस्ट, खाली गवतावर बसून खाता येतो.

परत येताना चढ चढू नका, बस पकडा. कंडक्टर नसतो आणि ड्रायव्हर सुट्टे परत देत नाही, कार्ड टेकवायचं. वय २२ च्या आत असेल आणि तिथंच राहत असाल तर बसचा मोफत पास मिळतो, तो पहिल्याच आठवड्यात काढून घ्या, मला सिनियरनं तो वय उलटून गेल्यावर सांगितला.