असाइनमेंटची गणितं सोडवायला बसण्याआधी

बारावीपर्यंत आपल्याला पर्यायांची सवय झालेली असते. एमएचटी-सीईटीत चार उत्तरं समोर छापलेली असतात, चुकलं तरी गुण वजा होत नाहीत, आणि आपलं उत्तर त्या चारांत बसलं नाही की काहीतरी बिनसलंय हे लगेच कळतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या असाइनमेंटमध्ये हे चार पर्याय गायब होतात. तुम्ही काहीही उत्तर काढा, कागद गप्प बसतो. त्यामुळे पर्यायांनी इतकी वर्षं केलेलं काम आता स्वतः करावं लागतं: गणित सोडवण्याआधीच उत्तर कुठल्या हद्दीत यायला हवं हे ठरवायचं आणि लिहून ठेवायचं. बीएस्सी किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला फिजिक्स, केमिस्ट्री आणि प्रोबॅबिलिटीची गणितं एकाच आठवड्यात येऊन पडतात, त्या मुलामुलींसाठी ही तयारी लिहितो आहे. सूत्रं तुम्हाला येतातच; त्याआधी काय करायचं ते इथे आहे.

पहिली गोष्ट, असाइनमेंट हातात पडेल त्याच दिवशी सगळी गणितं एकदा वाचून काढा. सोडवायची नाहीत, फक्त वाचायची. जे वाचताक्षणी कळलं त्यापुढे पेन्सिलने बरोबरची खूण, जे अजिबात कळलं नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हांची गणितं डोक्यात दोन दिवस घोळायला हवीत, आणि ती सबमिशनच्या आदल्या रात्री पहिल्यांदा वाचली तर घोळणार कधी? हे एकच काम वेळेवर झालं तरी निम्मा ताण कमी होतो, असं मी दरवर्षी बघतो.

टेबलावर काय हवं ते थोडक्यात. कोऱ्या पानांची वेगळी रफ वही, जर्नलची मागची पानं नकोत. पेन्सिल, पट्टी, आवर्तसारणी. एका कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेले स्थिरांक, आणि प्रत्येकापुढे त्याचं एकक. वायूंचा स्थिरांक दोनदा लिहा: ८.३१४ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन, आणि ०.०८२१ लिटर-ॲटमॉस्फिअर प्रति मोल प्रति केल्विन. नुसता ‘८.३१४’ लिहिलेला कागद काही कामाचा नाही. दाब ॲटमॉस्फिअरमध्ये दिला असताना तो वापरला, तर ३०० केल्विनला एक मोल वायूचं आकारमान २४.६ लिटरऐवजी अडीच हजाराच्या आसपास येतं, आणि एकक लिहिलेलं नसलं की ते खटकतही नाही. मोलर आकारमान २२.४ लिटर की २२.७, हेही आपल्या पुस्तकात बघून त्याच कागदावर टिपून ठेवा. दोन्ही शून्य अंश सेल्सिअसचे; पहिला आकडा एक ॲटमॉस्फिअर दाबाचा, दुसरा एक बारचा. १९८२ साली प्रमाण दाब बदलला, पण दोन्ही आकडे अजून पुस्तकांतून फिरत आहेत.

कॅल्सी हातात घेतली की आधी साइन ३० दाबून बघा. ०.५ यायला हवं. उणे ०.९८८ आलं तर ती रेडियनमध्ये आहे, बहुतेक मागच्या आठवड्यातल्या मॅथ्सच्या तासापासून. पाच सेकंदांचं काम आहे, रोज करा.

आता फिजिक्स. इथे तयारी म्हणजे आकृती. आणि आकृती म्हणजे सुबक चित्र नव्हे: वस्तूभोवती एक चौकट, तिच्यावर लागणारं प्रत्येक बल बाणाने दाखवलेलं, आणि शेजारी धन दिशा कुठली ते लिहिलेलं. दिशा आधी ठरवली नाही की चिन्हांचा घोळ ठरलेला.

इमारतीच्या गच्चीवरून, २० मीटर उंचीवरून, चेंडू सरळ वर १५ मीटर प्रति सेकंद वेगाने फेकला. जमिनीवर पडायला किती वेळ लागेल? सोडवायच्या आधी हद्द काढू. चेंडू वर जाऊन पुन्हा गच्चीच्या पातळीला यायलाच दोनदा १५ भागिले ९.८, म्हणजे ३.०६ सेकंद घेतो. त्यानंतर खाली यायचा वेळ वेगळा. म्हणजे उत्तर ३.०६ पेक्षा मोठंच हवं. तसंच, चेंडू परत गच्चीपाशी येतो तेव्हा त्याचा वेग खालच्या दिशेने १५ असतो, त्यामुळे उरलेल्या २० मीटरला २० भागिले १५, म्हणजे १.३३ सेकंदांपेक्षा कमीच वेळ लागणार. एकूण उत्तर ३.०६ आणि ४.३९ च्या मधे. आता वर्गसमीकरण सोडवा: ४.०७ सेकंद. बसलं. ज्यांनी विस्थापन उणे २० ऐवजी अधिक २० घेतलं असेल त्यांना वर्गमुळाखाली ऋण संख्या मिळेल, आणि तीही काही सांगते आहे: हा चेंडू गच्चीच्या वर जेमतेम ११.५ मीटर जातो, २० मीटरवर तो कधी पोहोचतच नाही. बरोबर समीकरणाला दुसरं उत्तरही आहे, उणे १ सेकंद. ते खोडण्याआधी क्षणभर त्याच्याकडे बघा. हाच चेंडू कुणी जमिनीवरून फेकला असता आणि तो गच्चीपाशी याच वेगाने पोहोचला असता, तर तो साधारण एक सेकंद आधी फेकावा लागला असता. गणिताने विचारलेलं नसताना दिलेलं हे उत्तर आहे, आणि फिजिक्स आवडायला लागतं ते अशाच ठिकाणी.

घर्षणाच्या गणितांना मी थोडा जास्त वेळ द्यायला सांगेन, कारण तिथे सूत्रात किंमती घालायची घाई फार होते. ३० अंशांच्या उतारावर ५ किलोचा ठोकळा स्थिर ठेवला आहे, स्थितिक घर्षणांक ०.६, घर्षणबल किती? बहुतेक वह्यांमध्ये ०.६ गुणिले ५ गुणिले ९.८ गुणिले कोसाइन ३०, म्हणजे २५.५ न्यूटन हे उत्तर सापडतं. पण हा तर घर्षणाचा कमाल आकडा झाला. ठोकळ्याला खाली खेचणारं बल आहे ५ गुणिले ९.८ गुणिले साइन ३०, म्हणजे २४.५ न्यूटन. घर्षण खरोखर २५.५ असतं तर ठोकळा उतारावर वरच्या दिशेने सरकायला लागला असता! तो स्थिर आहे म्हणजे घर्षण २४.५ च आहे. म्हणून घर्षणाचं गणित आलं की आधी कागदावर एक प्रश्न लिहा: वस्तू सरकते आहे का? त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय घर्षणांकाला हात लावू नका.

केमिस्ट्रीत आकृतीची जागा समीकरण घेतं. ते बॅलन्स करा, आणि प्रत्येक पदार्थाखाली तीन ओळी आखा: किती मोल होते, किती वापरले गेले, किती उरले. ग्रॅममध्ये विचार करायचा नाही, मोलमध्ये करायचा, ग्रॅम शेवटी. तापमान आलं की जागच्या जागी २७३ मिळवून केल्विन करून टाका, नंतर करू म्हटलं की राहतं.

इथली हद्द निसर्गानेच घालून दिली आहे: वस्तुमान कुठे जात नाही आणि कुठून येत नाही. २.७ ग्रॅम ॲल्युमिनियम आणि ७.१ ग्रॅम क्लोरीन वायू यांच्यापासून ॲल्युमिनियम क्लोराइड किती बनेल? सुरुवातीलाच लिहा: एकूण ९.८ ग्रॅम, उत्तर याहून जास्त असूच शकत नाही. ॲल्युमिनियमचे ०.१ मोल. आता क्लोरीन. घाईत ७.१ ला ३५.५ ने भागलं जातं आणि ०.२ मोल येतात. मग दोन मोल ॲल्युमिनियमला तीन मोल क्लोरीन या प्रमाणात ॲल्युमिनियम आधी संपतं, आणि उत्तर येतं १३.३५ ग्रॅम. पायऱ्या सगळ्या नीटनेटक्या, आणि उत्तर अशक्य. ९.८ ग्रॅम मालातून १३ ग्रॅम पदार्थ कसा बनेल? वायूत क्लोरीनचे अणू जोडीने असतात, म्हणून ७१ ने भागायला हवं: ०.१ मोल. आता क्लोरीन आधी संपतं, ०.०६६७ मोल ॲल्युमिनियम वापरलं जातं, ८.९ ग्रॅम क्लोराइड बनतं आणि ०.९ ग्रॅम ॲल्युमिनियम उरतं. ८.९ आणि ०.९ मिळून ९.८. हिशेब जुळला. सुरुवातीची ती एक ओळ कागदावर नसती तर १३.३५ हेच उत्तर चौकटीत बसून सबमिट झालं असतं.

पीएचच्या गणितांतही तसंच. हायड्रोक्लोरिक आम्लाची तीव्रता दहाच्या उणे आठव्या घाताइतकी मोलर दिली आहे. सूत्रात घातलं की पीएच ८ येतो. पण आम्ल घातलेलं द्रावण २५ अंशांना अल्कधर्मी कसं होईल? सातपेक्षा कमी, हे आधीच लिहून ठेवा. मग लक्षात येतं की इतक्या विरल द्रावणात पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन आम्लाच्या आयनांपेक्षा जास्त आहेत आणि ते हिशेबात धरावे लागतात. खरं उत्तर ६.९८.

प्रोबॅबिलिटीची तयारी सर्वांत वेगळी, कारण तिथे आकडेमोड बहुतेक वेळा चार ओळींची असते आणि चूक त्याच्या आधीच होऊन गेलेली असते. सगळ्या शक्यता पानावर मांडा, आणि त्या सारख्याच संभाव्य आहेत का ते तपासा. अठराव्या शतकातला दालाँबेर हा फ्रान्समधला मोठा गणितज्ञ. त्याने १७५४ साली विश्वकोशातल्या एका नोंदीत असं मांडलं की नाणं दोनदा उडवून निदान एक छापा येण्याची शक्यता दोन तृतीयांश आहे. त्याचं म्हणणं, पहिल्यांदाच छापा आला तर खेळ संपला; म्हणून शक्यता तीनच: छापा, काटा-छापा, काटा-काटा. तीन शक्यता आहेत खऱ्या, पण पहिलीची संभाव्यता निम्मी आहे आणि उरलेल्या दोघींची पाव-पाव. उत्तर तीन चतुर्थांश. दालाँबेरला जिथे ठेच लागली तिथे आपण चारही शक्यता लिहून काढायचा कंटाळा का करावा?

‘निदान एक’ असा शब्द दिसला की त्याखाली रेघ ओढा आणि ‘एकही नाही’ची संभाव्यता काढून ती एकातून वजा करा. फासा चारदा टाकून निदान एक सहा येण्याची शक्यता, ही त्यातली जुनी गोष्ट. १६५४ साली पास्काल आणि फर्मा या गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात हा फासा आहे. इथली हद्द: एका वेळची शक्यता एक षष्ठांश, म्हणून उत्तर त्याहून मोठं; चार षष्ठांशांहून लहान, कारण नुसती बेरीज केली तर दोनदा सहा आलेले डाव एकाहून जास्त वेळा मोजले जातात. उत्तर ०.५१८. दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा दोन्हींवर सहा येण्याची शक्यता मात्र ०.४९१. सहाला चार तसे छत्तीसला चोवीस, हे प्रमाण दिसायला बरोबर, पण एक डाव निम्म्याच्या वर आणि दुसरा निम्म्याच्या खाली. प्रमाणाने अंदाज करण्याची शाळेतली सवय इथे सोडावी लागते.

पत्त्यांच्या गणितात पान परत ठेवलं का, हे वाचताना गोल करा. दोन एक्के लागोपाठ येण्याची शक्यता पान परत ठेवलं तर १६९ मध्ये १, नाही ठेवलं तर २२१ मध्ये १. आणि ‘असं झालं असेल तर’ या जातीची गणितं, म्हणजे चाचणी, आजार, सदोष बल्ब वगैरे, सूत्राऐवजी दहा हजार माणसं मानून तक्त्यात सोडवा. आजार शंभरात एकाला, चाचणी आजारी माणसाला ९५ टक्के वेळा पकडते, निरोग्यालाही ५ टक्के वेळा पॉझिटिव्ह दाखवते. दहा हजारांत १०० आजारी, त्यातले ९५ पॉझिटिव्ह. ९,९०० निरोगी, त्यातले ४९५ पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह आलेल्या ५९० जणांत खरे आजारी ९५, म्हणजे सुमारे १६ टक्के. तक्ता एकदा हाताने भरला की अशा गणितांचं सूत्र, म्हणजे बेजचा नियम, पाठ करावा लागत नाही.

मित्रमैत्रिणींबरोबर जरूर बसा, पण आपापली आकृती आणि हद्द आधी लिहून मगच. दोघांच्या हद्दी वेगळ्या निघाल्या तर त्यावर भांडा. त्या भांडणात जितकं शिकायला मिळतं तितकं उत्तरं जुळवून मिळत नाही. पुस्तकामागची उत्तरं किंवा फोटो काढला की सोडवून देणारं ॲप यांनाही हाच नियम लावा. ॲपने दिलेलं उत्तरही तुमच्या हद्दीत बसतं का ते तपासायचं, ते डोळे झाकून उतरवायचं नाही. आणि उत्तर बघितलंच तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवून सगळं गणित पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहा.

फेअर करताना पूर्णांकन शेवटच्या ओळीत, एकक प्रत्येक ओळीत. कॅल्सीवरचे नऊ आकडे उतरवू नका. दिलेल्या माहितीत जितके सार्थ अंक आहेत तितकेच पुरेत. उत्तराखाली तुमची हद्द एका ओळीत लिहिलीत तर तपासणाऱ्यालाही कळतं की तुम्ही विचार केला होता, आणि आकडेमोड चुकली तरी पायऱ्यांचे गुण मिळण्याची शक्यता वाढते.

ज्या गणितापुढचं प्रश्नचिन्ह तरीही राहिलं, त्याचं पान कोरं सोडू नका. आकृती, दिलेली माहिती, हद्द आणि ‘इथपर्यंत आलो, पुढे हे कळत नाही’ अशी एक ओळ एवढं लिहून ते पान सबमिशनच्या आधी सरांकडे किंवा मॅडमकडे घेऊन जा. ‘सर, हे गणित येत नाही’ म्हणणाऱ्याला अख्खं गणित फळ्यावर करून दाखवलं जातं आणि तो ते उतरवून परत येतो. ‘सर, घर्षण कमाल घ्यायचं की नाही ते ठरत नाहीये’ म्हणणाऱ्याला दोन मिनिटांत नेमकं उत्तर मिळतं, आणि पुढची तीन गणितं तो स्वतः सोडवतो.