एचआयव्ही झालेल्या बाळाचे वजन आणि सीडी-४ पाहताना या चुका टाळा

सहा महिन्यांच्या बाळाचा सीडी-४ (रक्ताच्या एका मायक्रोलिटरमधील प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) ११०० आला की मोठ्यांचे आकडे डोक्यात असलेला माणूस निश्चिंत होतो. मोठ्यांत ५०० म्हणजे चांगलाच की! पण तान्ह्या बाळात या पेशी मुळातच कितीतरी जास्त असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात वर्षाच्या आतील बाळासाठी १५०० च्या खालचा सीडी-४ म्हणजे प्रतिकारशक्ती गंभीररीत्या खालावलेली. म्हणून पाच वर्षांपर्यंत नुसत्या संख्येपेक्षा टक्केवारी, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींत सीडी-४ चा वाटा किती, ती पाहावी. वयाबरोबर ती कमी हलते. पहिल्या वर्षी २५ टक्के, पुढची दोन वर्षे २० आणि त्यानंतर १५ टक्के, याखाली गेली तर ती धोक्याची.

आणि टक्केवारी चांगली आहे म्हणून औषध लांबवायचे, ही तर सर्वांत महागात पडणारी चूक. दक्षिण आफ्रिकेतील 'चेर' चाचणीत ६ ते १२ आठवड्यांची, २५ टक्के किंवा अधिक सीडी-४ असलेली बाळे घेतली होती. लगेच एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधे) दिलेल्यांत, ती उशिरा दिलेल्यांच्या तुलनेत, मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. धडधाकट दिसणारीच बाळे होती ती.

तापात किंवा दुसरे आजारपण चालू असताना काढलेल्या एकाच सीडी-४ वरून उपचार फसले असे ठरवू नका. बाळ बरे झाल्यावर, शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, पुन्हा तपासा.

वजनाची गफलत जास्त होते, कारण तिथे सगळ्यांना वाटते की आपल्याला कळते. वर्षाच्या मुलाने सहा महिन्यांत ३०० ग्रॅम कमावले तर कार्डावर 'वजन वाढले' अशी नोंद होते. निरोगी मूल तेवढ्यात साधारण सव्वा किलो वाढते. म्हणजे हे मूल वाढले नाही, मागे पडले. वयानुसार झेड-स्कोअर (त्या वयाच्या सरासरीपासून मूल किती दूर आहे ते) काढा आणि रेषा कुठे वळते ते बघा. दोन वर्षांखाली लांबी झोपवून मोजतात, पुढे उंची उभे करून. पद्धत बदलली की सुमारे ०.७ सेंटीमीटरचा फरक पडतो आणि मूल खुंटल्यासारखे दिसते. उपचारानंतर वजन आधी सुधारते, उंची मागाहून.

रेषा सपाटच राहिली तर औषध बदलण्याआधी मात्रा तपासा. ९.८ किलोचे मूल १०.२ चे झाले की डोल्युटेग्रॅविर या एचआयव्हीच्या औषधाच्या १० मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळ्या दीडवरून दोनवर जातात. जुन्या चिठ्ठीवर मात्र दीडच राहते. मग क्षयरोग शोधा. त्यासाठी रिफाम्पिसिन चालू केले असेल तर डोल्युटेग्रॅविर दिवसातून दोनदा लागते. लोह किंवा कॅल्शियम रिकाम्या पोटी सोबत दिले तर डोल्युटेग्रॅविर नीट शोषले जात नाही.

पहिल्या काही आठवड्यांत ताप आला, बीसीजी टोचलेल्या बाजूच्या काखेत गाठ सुजली, तर पालक घाबरून औषध थांबवतात. बऱ्याचदा ती जागी झालेल्या प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया असते. डॉक्टरांना लगेच दाखवा, पण गोळ्या मनाने बंद करू नका.

उलटा प्रकारही भेटतो: मूल गुटगुटीत, सीडी-४ ३० टक्के, म्हणून व्हायरल लोडची (रक्तात विषाणू किती आहे याची) तपासणी राहूनच जाते. विषाणू वाढू लागल्यावरही हे दोन आकडे कित्येक महिने चांगले दिसू शकतात. उपचाराच्या सहाव्या महिन्याला ही तपासणी कराच. व्हायरल लोड मिलिलिटरमागे १००० च्या वर आला तर गोळी नेमकी कोण देते, मूल थुंकते का, हे घरी विचारा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.